हर्णैच्या बंदरावर लेकीला गाडीत झोपलेली ठेवून गेले. खरं सांगा, कुठवर चालतं हे?

दापोलीची आई

नमस्कार. गेल्या रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही दापोलीत राहतो. लेक साडेतीन वर्षांची. शिमग्याची पालखी घरी येऊन गेली होती, मुंबईचे पाहुणे अजून मुक्कामाला होते. नवरा त्यांच्याच गाडीतून त्यांना केळशीला घेऊन गेला आणि मी लेकीला मागच्या सीटवर बसवून मासळी आणायला हर्णैला निघाले. दुपारी साडेचारचा सुमार. आसूदच्या वळणांवरच तिचा डोळा लागला.

बंदरावर पोचले तर लिलाव रंगात आलेला. वाळूत माणसांची रेटारेटी, बैलगाड्या, टेम्पो, पायाखाली बर्फाचं पाणी. हिला आता उठवलं तर रडारड होणार आणि कडेवर घेऊन त्या गर्दीत शिरता येणार नाही, असं वाटलं. म्हटलं, एक सुरमई आणि थोडे बांगडे घ्यायचे, पाच मिनिटांचं काम. काचा दोन-दोन बोटं खाली ठेवल्या, गाडी लॉक केली आणि गेले.

ती पाच मिनिटं नव्हती. भाव जमेना, मग सुट्टे मिळेनात, मग सुरमईचे तुकडे करून घेतले. मोबाइल बघितला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती.

परत आले तर गाडीशी एक कोळीण मावशी उभ्या. मी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली होती, म्हणजे पश्चिमेला. ऊन थेट समोरच्या काचेतून आत. मावशींनी आपल्या पाटीवरचं ओलं गोणपाट काढून त्या काचेवर पसरलं होतं. त्याचं पाणी बॉनेटवरून खाली ओघळत होतं. आत लेक जागी होती, पण रडत नव्हती. नुसती बघत होती. केस कपाळाला चिकटलेले, फ्रॉक पाठीला चिकटलेला, गाल लालबुंद. पट्ट्याचं बक्कल सोडवायला गेले तर माझ्या बोटाला चटका बसला. तेच बक्कल तिच्या मांडीला टेकलेलं होतं, तिथे नखाएवढा लाल वण उठला होता.

मावशी एवढंच म्हणाल्या, "मासळीला बरफ लागतो बाय. पोराला नको काय?" गोणपाट उचललं आणि गेल्या. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

लेक आता बरी आहे. पाणी प्यायली, तासाभरात खेळायलाही लागली. पण घरी प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. नवरा म्हणतो, एसी चालू ठेवून गेली असतीस तर काही झालं नसतं. सासूबाई म्हणतात, आम्ही पोरं बांधावर झोळीत टाकून लावणी केली, तुम्ही उगाच घाबरता. मुंबईची जाऊ म्हणते, एक मिनिटसुद्धा नाही.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. किती मिनिटं चालतं? सावलीत? एसी लावून? मूल किती मोठं झालं की चालतं?

---

रत्नागिरीची सिस्टर

ताई, मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, सतरा वर्षं झाली. आधी तुमच्या सासूबाईंचं घेते, कारण ते खोटं नाही. बांधावरच्या झोळीला वारा लागतो, ती झाडाखाली असते आणि आई हाकेच्या अंतरावर असते. गाडीत यातलं एकही नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि त्यांची उष्णता त्याच काचेतून बाहेर पडत नाही. भर उन्हात गाडीत बसताना स्टिअरिंगला हात लावून बघा, म्हणजे कळेल.

अमेरिकेत २००५ साली यावर नीट मोजमाप झालं. बाहेर २२ ते ३६ अंश असताना, वेगवेगळ्या दिवशी, उन्हात उभ्या गाडीतलं तापमान मोजलं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात. तुमची बावीस मिनिटं याच अर्ध्या तासातली आहेत. काचा थोड्या खाली ठेवल्या तरी जवळजवळ काहीच फरक पडला नाही. हे नीट वाचा, कारण दोन बोटं काच खाली ठेवली की आपल्या मनाचं समाधान होतं, मुलाला त्याचा उपयोग होत नाही.

मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. वर आपली कोकणाची हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून तर हवामान खातं मैदानी भागात निदान ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनाऱ्यावर ३७ ला, तेही नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेलं तर. मार्चमध्ये पूर्वेकडचे गरम वारे सुटतात आणि खारा वारा उशिरा येतो, ते दिवस आमच्या वॉर्डात लगेच कळतात.

तुमच्या लेकीचं मला सगळ्यात काय खटकलं सांगू? ती रडत नव्हती. रडणारं मूल बरं. गप्प झालेलं, टक लावून बघणारं, मान टाकणारं मूल बघितलं की आम्ही पळतो. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं आणि मूल भानावर नसलं, झटके आले, की तो उष्माघात. तेव्हा सावलीत घ्या, कपडे काढा, अंगभर ओलं फडकं फिरवा आणि सतत वारा घाला. मान, काखा, जांघा इथे थंड पाण्याच्या पट्ट्या. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषध पाजत बसू नका, या तापावर ते चालत नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडी यायची वाट बघताना वारा घालणं थांबवू नका.

त्या मावशींनी नेमकं बरोबर केलं. ऊन अडवलं.

---

चिपळूणचा गॅरेजवाला

एसीचं मी सांगतो, कारण हे गिऱ्हाइकांकडून रोज ऐकतो.

एसी इंजिनावर चालतो. उभ्या गाडीत इंजिन बंद पडायला बेल्ट तुटणं, गाडी तापणं, पेट्रोल संपणं, काहीही पुरतं. बंद पडलं की काचा बंद, एसी बंद, आणि तुम्ही बाजारात. आत बसलेल्याला हे सांगता येत नाही. दुसरं, इंजिन चालू म्हणजे गाडी चालू. पोरं आईबाप करतात तेच करून बघतात. गिअर ओढतील, हँडब्रेक सोडतील. आपल्याकडे सपाट जागा किती? घराचं अंगण उताराचं, जेटी उताराची, फेरीबोटीची रांग उतारावर. पॉवर विंडोत मान अडकते ते वेगळंच. आणि बंद शेडमध्ये, किंवा पावसाळ्यात चिखलात सायलेन्सर रुतलेला असताना, इंजिन चालू ठेवून काचा लावून बसणं मोठ्या माणसाच्याही जिवावर येतं. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मागचं दार आतून उघडतच नाही, मूल कितीही मोठं असो. हे आठवून ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दाभोळच्या फेरीबोटीच्या रांगेतून फोन आला. बाप खाली उतरला, किल्ली आत, आणि दोन वर्षांच्या पोरानं आतून बटण दाबलं. बाप म्हणतो, या आणि लॉक उघडून द्या. चिपळूणहून मी पोचणार कधी! फोनवरच ओरडलो, आधी काच फोड. तर म्हणतो, गाडी नवी आहे. शेवटी रांगेतल्या एका ट्रकवाल्यानं जॅकचा रॉड मारला. समोरची काच फोडायच्या भानगडीत पडू नका, तिच्यात दोन काचांमध्ये पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. मुलापासून लांबची बाजूची काच घ्या, आणि मध्यभागी नको, खालच्या कोपऱ्यात टोकदार काहीतरी मारा. बहुतेक गाड्यांत ती साखरेसारखी चुरा होऊन पडते. हाताला फडकं गुंडाळा.

अजून एक, अंगणातल्या गाडीबद्दल. गाडी लॉक करा आणि किल्ली खुंटीवर उंच ठेवा. पोरं लपाछपीत आत शिरतात आणि दार उघडता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला भाऊ-बहीण असेच गेले. मे २०२५ मध्ये आंध्रात विजयनगरमजवळ द्वारपुडीत चार मुलं. त्यांना कोणी गाडीत सोडलं नव्हतं. दार उघडं होतं एवढंच.

---

मालवणचे आजोबा

सिस्टरांचं आणि गॅरेजवाल्यांचं सगळं मान्य. पण 'कधीच नाही' असं लिहून टाकलं की लोक ते वाचतात आणि सोडून देतात, म्हणून माझं वेगळं म्हणणं मांडतो.

माझा मुलगा बोटीवर असतो, सूनबाई आणि दोन नातवंडं आमच्याकडे. सूनबाई पेट्रोल भरताना गाडीला हात लावून उभी राहते आणि पोरं आत असतात. याला मी एकटं सोडणं म्हणणार नाही. दोन्ही पोरं झोपलेली, एक काखेत आणि एक हातात घेऊन भर रस्ता ओलांडायचा, त्यातही धोका आहेच. आई एकटी असली की तिनं करायचं काय, हे सांगणारं कोणी नसतं.

आमच्या घरात ठरलेलं असं: गाडीपासून हात सुटला की पोर बरोबर. मेडिकलवाल्याला फोन करायचा, तो पोऱ्याकरवी औषध गाडीपर्यंत पाठवतो, चारदा सांगितलं की पाचव्यांदा आपण होऊन पाठवतो. मासळीचंही तसंच. थोरला नातू अकरा वर्षांचा आहे. त्याला आतून दार कसं उघडायचं, हॉर्न कसा दाबून धरायचा हे शिकवलंय. तो काचा उघड्या ठेवून सावलीत दहा मिनिटं बसतो. पण धाकटीला त्याच्या भरवशावर ठेवत नाही. तोही पोरच आहे.

---

गाव गुहागर, मुक्काम ठाणे

मी कधी सोडून जात नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७ मुलं तापलेल्या गाडीत जातात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना कोणी जाणूनबुजून सोडलेलं नसतं, ती विसरलेली असतात. मी हे वाचून पूर्वी म्हणायचो, आपल्याकडे घरात एवढी माणसं, असं कसं होईल.

गेल्या गणपतीला झालं. रात्रभर गाडी चालवून सकाळी गावी पोचलो. दोन गाड्या, अकरा माणसं. मखराचं सामान, पिशव्या, तांदळाचं पोतं. मला वाटलं पुतण्याला वहिनीनं उतरवलं, वहिनीला वाटलं आजीनं घेतलं, आजी तर थेट देवघरात. पोरगा तिसऱ्या रांगेत चादरीखाली झोपलेला. माणसं जितकी जास्त तितकी प्रत्येकाची खात्री पक्की. पावसाळी सकाळ होती, आभाळ भरलेलं, आणि धाकट्या बहिणीनं चहाला डोकी मोजली म्हणून सात-आठ मिनिटांत लक्षात आलं. हेच मे महिन्यात दुपारी झालं असतं तर मी इथे लिहायला बसलो नसतो.

आता मी माझं पाकीट आणि चप्पल मागच्या सीटखाली ठेवतो. अनवाणी उतरलो की आठवतं. आणि सामानाला हात लावण्याआधी पोरं नावं घेऊन मोजायची.

---

खेडचा वकील

कायद्याचं थोडक्यात. गाडीत मूल ठेवण्यावर आपल्याकडे वेगळं कलम नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला त्रास होईल अशी जाणूनबुजून हयगय केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. दुसऱ्याच्या गाडीत असं मूल दिसलं तर '११२' ला फोन करायला कचरू नका. व्हिडिओ काढत उभे राहू नका.

---

दापोलीची आई

सगळ्यांचे आभार. सिस्टर, 'ती रडत नव्हती' हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

नवऱ्याला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो वाद घालणारा माणूस नाही, पण आकडे पटत नव्हते. काल दुपारी अडीचला त्यानं अंगणात उन्हात गाडी लावली, माजघरातला थर्मामीटर काढून आत नेला, काचा दोन बोटं खाली आणि इंजिन बंद करून मागच्या सीटवर बसला. बाहेर ३३ होते. मी पायरीवर घड्याळ घेऊन. दहाव्या मिनिटाला त्यानं काचेतून थर्मामीटर दाखवला, ४२. सतराव्या मिनिटाला दार उघडून बाहेर आला, बनियन पिळून निघेल असा. काही बोलला नाही, विहिरीवर गेला. चाइल्ड लॉक मात्र त्यानं काढू दिलं नाही, चालत्या गाडीत हवंच म्हणतो, आणि ते मलाही पटतं.

सासूबाईंना मी झोळीचं आणि वाऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, झोळी झाडाला असायची खरी. मग म्हणाल्या, मासळीला जायचं असेल तेव्हा मला सांगत जा, मी बसेन पोरीजवळ नाहीतर येईन बरोबर.

आज आम्ही तिघी हर्णैला गेलो होतो. त्या मावशींना शोधलं. नाव माहीत नाही, आणि सगळ्यांच्याच पाट्यांवर तसलंच गोणपाट. लेकीनंच ओळखलं, नथीवरून म्हणाली. मावशी मासळीचे वाटे लावत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी लेकीच्या मांडीकडे बघितलं आणि विचारलं, "गेला काय तो डाग?" अजून थोडा आहे.