मदत हवी आहे: फोटोग्राफीचं व्हिजिटिंग कार्ड दुसऱ्यांदा फसलं, आज रात्री फाइल द्यायची आहे

उजेडवेडा (दु. ३:४०)
नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. माझा फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. कार्ड छापून घेतलं, दुसऱ्यांदा फसलं. स्क्रीनवर झकास दिसतं, हातात आलं की काळंकुट्ट. ५०० कार्डं घरात पडून आहेत. ज्यांना वाटली त्यांच्यापैकी एकाचाही फोन नाही. प्रेसवाल्यांना आज रात्रीपर्यंत नवी फाइल हवी आहे, शनिवारी मला एका प्रदर्शनाला जायचंय. कागद बदलू की डिझाइन? एवढंच सांगा. "आधी धागे शोधा" म्हणू नका, शोधलेत.

छापखानी (३:५२)
कागद कुठला, किती जीएसएम (कागदाचं वजन), लॅमिनेशन (वरचा प्लास्टिकचा पापुद्रा) कोणतं, कार्डाचा साइज काय, फाइल आरजीबी (स्क्रीनचे रंग) होती की सीएमवायके (छपाईच्या चार शाया: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी)? हे न सांगता कागद बदलू का विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी बदलू का" विचारणं.

उजेडवेडा (३:५५)
कागद चांगला आहे, जाड. मॅट. फाइल जेपीजी, ३०० डीपीआय. साइज नेहमीचाच.

छापखानी (३:५८)
नेहमीचा म्हणजे? ८५ बाय ५५ मिमी पण नेहमीचा, ९० बाय ५४ पण नेहमीचा आणि साडेतीन बाय दोन इंच पण नेहमीचाच. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हा नुसता शिक्का आहे. पिक्सेल किती ते सांगा. आणि फाइल प्रेसला दिली कशी?

उजेडवेडा (४:०३)
१०५० बाय ६००. चॅटवर पाठवली, फोटो पाठवतो तशी.

छापखानी (४:१५)
झालं. चॅटवर फोटो म्हणून गेलेली फाइल दाबली जाते. तुम्ही पाठवलं ते आणि त्यांना मिळालं ते एक नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मेल करा, ड्राइव्हची लिंक द्या.
आता पिक्सेलचं बघा. १०५० बाय ६०० म्हणजे बरोब्बर साडेतीन बाय दोन इंच, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) शून्य. प्रेस ९० बाय ५४ कापत असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड धरून फाइल ९६ बाय ६० मिमीची लागते, म्हणजे साधारण ११३४ बाय ७०९ पिक्सेल. तुम्ही कमी दिले, त्यांनी ताणून बसवले. कडेला काही असेल तर ते कापलंही गेलं असेल.

उजेडवेडा (४:१८)
अरेच्चा. कडेला बारीक पांढरी चौकट आहे. डावीकडे बारीक, उजवीकडे जाड आलीय. मला वाटलं कटिंगवाला झोपेत होता.

छापखानी (४:२०)
कटिंगवाल्याला बोल लावू नका. गड्डी एकदम कापतात, अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. चौकट असली की तो एक मिलिमीटर डोळ्यात खुपतो, नसली तर कुणाच्या बापाला कळत नाही. चौकट काढा. अक्षरं कडेपासून ४-५ मिमी आत ठेवा.

टॅपटॅप (४:२६)
२१ व्या शतकात कागद?? मी एनएफसी कार्ड घेतलंय. समोरच्याच्या फोनला टेकवलं की नंबर, वेबसाइट, गॅलरी सगळं उघडतं. एकच कार्ड, आयुष्यभर. नंबर बदलला तरी छपाई नको.

मितभाषी (४:३१)
आणि ते कार्ड परत आपल्याच खिशात. समोरच्याकडे उरलं काय? फोनमधल्या आठशे नंबरांत आणखी एक.
कागदच हवा. पांढरा, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. फोटो नको, लोगो नको. मी बारा वर्षं हेच वापरतो.

टॅपटॅप (४:३३)
फोटोग्राफरच्या कार्डावर फोटो नको! हलवायाने मिठाई झाकून ठेवावी म्हणता?

मितभाषी (४:३४)
हलवाई मिठाईचा चुरा खिशात घालून हिंडत नाही.

झूमताई (४:४०)
भांडा सावकाश. उजेडवेडा, तुम्ही फोटो कसले काढता? लग्नं, बाळं, वस्तू, प्राणी? कार्ड कुणाच्या हातात पडतं? आणि कार्डावर नक्की काय काय आहे?

उजेडवेडा (४:४७)
ताई, डावीकडे खंड्याचा फोटो. माझा आजवरचा सगळ्यात चांगला, चार तास झुडपात बसलो होतो. पूर्ण काळी पार्श्वभूमी, त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात नाव, खाली 'फोटोग्राफी', दोन फोन, मेल, वेबसाइट, इन्स्टा, क्यूआर. मागे ९ फोटोंचं कोलाज. पण प्रश्न कागदाचा आहे.

झूमताई (४:४९)
म्हणजे पक्ष्यांचे फोटो विकता?

उजेडवेडा (४:५२)
नाही हो, पक्षी ही हौस. काम इंटीरियरचं. आर्किटेक्ट आणि डिझायनर लोकांची तयार झालेली घरं, ऑफिसं शूट करतो. प्रदर्शनही त्यांचंच आहे. पण छपाई काळी येण्याशी त्याचा काय संबंध?

झूमताई (४:५५)
छपाईशी नाही, फोन न येण्याशी आहे. आर्किटेक्ट प्रदर्शनातून तीस-चाळीस कार्डं घेऊन घरी जातो. रात्री गड्डी चाळताना त्याला एक पक्षी दिसतो. 'फोटोग्राफी' हा शब्द तर लग्नवाल्याच्या कार्डावरही असतो. तुम्ही त्याच्या कामाचे आहात हे तुमच्या कार्डावर कुठेच नाही.

घारीचीनजर (५:०१)
अवांतर: खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. छापून तो निळा कधीच मिळायचा नाही.

छापखानी (५:१०)
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. पिसाचं जाऊ द्या, पण स्क्रीनवर दिसणारा तो चमकदार निळा सीएमवायकेच्या चार शायांत बसत नाही. बदलला की मळकट होतो नाहीतर जांभळट. फोटोशॉपात सॉफ्ट प्रूफ (छपाईच्या रंगांची स्क्रीनवरची झलक) लावून आधीच बघता येतं.
आणि काळ्याचं ऐका. आरजीबीचा काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगवर बदललात तर सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा होतो. बेरीज करा, ३०० टक्के शाई, चारही शाया एकावर एक. त्यात बारीक पांढरी अक्षरं म्हणजे कोरी ठेवलेली जागा. चार शायांच्या चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली की अक्षर आतून भरतं. भिंगातून बघा, नावाच्या कडेला लालसर किंवा निळसर झाक असेल.

उजेडवेडा (५:१६)
५० मिमीची लेन्स उलटी धरून बघितलं. नावातल्या रफाराला गुलाबी शेपूट आहे. आणि मधल्या 'ष'चं पोट बुजलंय.

छापखानी (५:१९)
नाव देवनागरीत आहे हे आत्ता सांगताय! देवनागरीला रोमनपेक्षा मोठं माप लागतं, वर मात्रा, खाली उकार, जोडाक्षरात दाटी. रोमन ७ पॉइंटला चालून जातं, देवनागरी ९-१० च्या खाली नेऊ नका, आणि उलट्या छपाईत (गडदावर पांढरं) बारीक वजनाचा फॉन्ट तर नकोच. जुना नॉन-युनिकोड फॉन्ट असेल तर अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे नुसत्या आकारांत बदलून) पीडीएफ द्या, नाहीतर प्रेसच्या मशीनवर भलतंच उमटेल.

शटरबग७ (५:२२)
फोटोवर वॉटरमार्क टाकायचा तर कोपऱ्यात नका टाकू, सहज क्रॉप होतो. मधे, २० टक्के अपारदर्शक.

मितभाषी (५:२३)
वॉटरमार्कचं कोणी विचारलंय का?

शटरबग७ (५:२४)
नाही, पण उपयोगी आहे.

जुनापुराणा (५:३०)
फोटोग्राफर आणि कार्ड हे नातं फार जुनं आहे. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने 'कार्त द व्हिजित'चं पेटंट घेतलं. साधारण ५४ बाय ८९ मिमीचा फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. एकाच काचेवर आठ-आठ फोटो घेता येत, म्हणून स्वस्त पडे. लोकांनी ती भेट दिली, जमवली, अल्बम केले. उजेडवेडा, तुम्ही छापताच कशाला? खरे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा!

उजेडवेडा (५:३२)
शनिवारपर्यंत २०० चिकटवायला तुम्ही येणार का? मला रात्री फाइल द्यायची आहे हो.

झूमताई (५:४१)
बरं, आता करा असं. एका बाजूला तुमच्या इंटीरियर कामातला एकच फोटो, कार्डभर, कडेपर्यंत. कोलाज नको. नऊ फोटो मागे बसवले म्हणजे एकेक पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यात खोली काय दिसणार? उजेडाची खोली निवडा, खिडकी वगैरे. अंधारी निवडलीत तर पुन्हा रडाल. दुसरी बाजू पांढरी: नाव, 'आर्किटेक्चर व इंटीरियर फोटोग्राफी', एक फोन, वेबसाइट. झालं. तो फोटो कार्डावर वापरायला डिझायनरची आणि घरमालकाची परवानगी घेतलीय ना?

उजेडवेडा (५:४४)
डिझायनरची आहे. घरमालकाची... फोन करतो. दोन नंबर असू देत ना? एक बायकोचा आहे, मी शूटवर असलो की ती उचलते.

झूमताई (५:४६)
मग तिचाच द्या. जो उचलला जातो तो नंबर.

टॅपटॅप (५:५०)
क्यूआर तरी ठेवा, एनएफसी नाही तर नाही.

छापखानी (५:५८)
ठेवा, पण किती मोठा होता? काळ्यावर पांढरा होता का?

उजेडवेडा (६:००)
हो, पांढरा. पट्टीने मोजला, ९ मिमी. मधे माझा लोगो आहे. माझ्या फोनवर चालतो.

छापखानी (६:०७)
तुमच्या फोनवर. उलटा क्यूआर काही अ‍ॅप वाचतात, काही ढुंकून बघत नाहीत. पांढऱ्यावर काळा, निदान २ सेंमी, भोवती कोडातल्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा. लिंक जितकी छोटी तितके चौकोन कमी आणि मोठे. मधे लोगो हवाच असेल तर कोड बनवताना चूक-दुरुस्तीची एच लेव्हल घ्या, ती साधारण ३० टक्के बिघाड सोसते, पण चौकोन वाढतात. मी तर लोगो काढीन. आणि फुकट संकेतस्थळावरचा 'डायनॅमिक' (त्यांच्या लिंकवरून वळवणारा) कोड नको. त्यांची मुदत संपली की तुमची कार्डं मेली. थेट स्वतःच्या वेबसाइटची लिंक.

झूमताई (६:१०)
मॅट लॅमिनेशन ठेवायचं तर फोटोच्या बाजूलाच ठेवा. पांढरी बाजू उघडी राहू दे. लॅमिनेशनवर साधं पेन नीट उठत नाही आणि लोक कार्डावर लिहितात, 'सोमवारी फोन', 'दरपत्रक मागव'. माझ्याकडे आलेल्या ज्या कार्डांवर मी काही खरडलं होतं, तीच माझ्याकडे उरलीत.

मितभाषी (६:१२)
शेवटी पांढरी बाजू आलीच ना!

उजेडवेडा (६:१५)
आणि कागद? मूळ प्रश्न तोच होता.

छापखानी (६:१८)
३०० ते ३५० जीएसएमचा कोटेड (गुळगुळीत थर दिलेला) चालेल, तुमचा तसाच असणार. कागदाचा दोष नव्हता. मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवता?

उजेडवेडा (६:१९)
फुल. खिडकीपाशी बसतो.

छापखानी (६:२४)
म्हणून फोटो गडद करत सुटलात. आत्ता स्क्रीनवर कोरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग तो इंटीरियरचा फोटो पुन्हा बघा. आणि फाइल द्यायच्या आधी घरच्या प्रिंटरवर १०० टक्के मापात छापून कात्रीने कापा, पाकिटात घालून बघा. प्रेसकडून एक प्रूफ (नमुना छपाई) मागा, ५०० चा आकडा नंतर.

उजेडवेडा (रात्री ९:३८)
ब्राइटनेस उतरवल्यावर खंड्याचा फोटो बघितला. माझाच मला ओळखू येईना, निम्मा पक्षी अंधारात.
घरमालक हो म्हणाले. मोठ्या खिडकीचा हॉल घेतला, चौकट काढली, बायकोचा नंबर टाकला (ती म्हणते आता पगार दे). कापून बघितलं, नाव हात लांब करूनही वाचता येतंय. पीडीएफ मेल केली, उद्या सकाळी प्रूफ बघायला जातोय. २०० च छापतोय. सगळ्यांचे आभार, छापखानींचे विशेष.

छापखानी (९:४५)
प्रूफ ट्यूबलाइटखाली बघू नका, दारात उजेडात घेऊन जा.

घारीचीनजर (९:५१)
तो खंड्याचा फोटो इथे टाका ना. नर होता की मादी? छोटा खंड्या असेल तर चोच दिसली की सांगते.