ग्राफीनची पट्टी अरुंद केली की वीज का अडते?

रानजाई: एम.एस्सी.ला आहे. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराच्या, सलग पत्र्यात बँड गॅप (वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) नसतो, मग काही नॅनोमीटर रुंदीच्या पट्टीत तो येतो कुठून?

धातुकोश: कोंडल्यामुळे. इलेक्ट्रॉन तरंगासारखे वागतात; दोन कडांच्या मध्ये ठरावीक तरंगलांब्याच बसतात, सतारीच्या तारेवर बसतात तशा. म्हणून ऊर्जाही ठरावीकच मिळतात आणि मध्ये दरी उरू शकते. आर्मचेअर कडेच्या (जिथे कडेचे अणू खुर्चीच्या आकारात मांडलेले दिसतात) पट्टीत रुंदीतल्या अणूंच्या ओळी मोजा. ३ ने भागून बाकी २ उरली, तर गॅप सर्वांत लहान. एका ओळीच्या फरकाने चित्र पालटतं, आणि मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच!

वाटसरू: पण २००७ साली कोलंबिया विद्यापीठात कोरलेल्या पट्ट्या मोजल्या, तेव्हा गॅप रुंदीवर अवलंबून दिसला, पट्टी अणूंच्या जाळीत कोणत्या दिशेने कापली यावर नाही.

धातुकोश: बरोबर, कारण कोरलेल्या कडा खडबडीत असतात. म्हणून २०१० मध्ये सोन्याच्या पृष्ठावर रेणू जोडून ७ ओळींची नेमकी पट्टी घडवली गेली, ते काम मला फार मोलाचं वाटतं. रानजाई, तू आधी टाइट-बाइंडिंगचं (इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारतो असं धरणारं) गणित हाताने सोडव. झिगझॅग, म्हणजे दातेरी, कडेचं नंतर बघ. तिथे इलेक्ट्रॉनांचं परस्पर अपकर्षणही धरावं लागतं.

रानजाई: आज रात्रीच ७ ओळींपासून सुरू करते, सर.