१९७२ ची एमजीबी: सिलवर वरून पत्रा मारू की कापून नवा घालू?

मिडलँड्सकर
नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमला असतो. यंदा १९७२ ची एमजीबी रोडस्टर (बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. १७९८ सीसीचं इंजिन छान चालतंय, पण सिलखाली (दाराखालच्या लांब पट्टीखाली) जॅक लावला की ड्रायव्हरचं दार लागत नाही, वरची फट बदलते. सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबला तर आरपार गेला. इथला एक गॅरेजवाला म्हणतो, जुन्यावरूनच नवा पत्रा वेल्ड करून देतो. स्वस्तात होतंय. मला स्वतःलाही मिग (तारेचं) वेल्डिंग जमतं. काय करावं?

लेथवाला भोसरी
वरून पत्रा नकोच. आत कुजकं तसंच राहतं, मधे पाणी साठतं. दाराच्या खांबांच्या बुडाशी लोहचुंबक फिरवून बघा, लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर चिकटणार नाही.

पत्रेकाम
मिडलँड्सकर, मी माझ्या एमजीबीच्या दोन्ही बाजू घरीच केल्यात, म्हणून सविस्तर लिहितो. या गाडीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे सिल हाच कणा. तो एकच पत्रा नसतो. बाहेरचा सिल, मधला उभा पडदा आणि खाली कॅसल रेल (तळाचा पत्रा), तिन्ही मिळून पेटी बनते. तुमची फट हलतेय म्हणजे ही पेटी आतून गेलीय. बाहेरून कितीही झाका, दार पुन्हा घासणारच.

बाहेरचा सिल विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आडपर्यंत जातो. दाराखाली दिसतो तेवढाच बदलला तर काम अर्धवट. पुढची विंग बोल्टवर आहे, सरळ उतरवा. मागचीचा खालचा तुकडा मात्र कापावा लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं: ग्राइंडर हातात घेण्याआधी गाडी पुढच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या तुळईवर) आणि मागच्या अ‍ॅक्सलवर सपाट टेकवा, दाराची फट बरोबर करून घ्या आणि मगच बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप टाके मारून बसवा. पाइप आतल्या बाजूने, दार लागेल असा. एका वेळी एकच बाजू. नवे पत्रे आधी नुसते क्लॅम्पवर धरा, दार लावा, काढा, पुन्हा लावा. या कामाला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात, जाऊ द्या. एकदा वेल्ड झालं की फट हलवता येत नाही.

मी वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरली (प्लग वेल्ड), ०.६ मिमीची तार वापरली. सलग ओढू नका, पत्रा तापून वाकतो. इकडे एक टाका, तिकडे एक. सीटमागच्या दोन्ही ६ व्होल्टच्या बॅटऱ्या सोडवून ठेवा, कार्पेट काढा, पेट्रोलची टाकी उतरवूनच ठेवा. रंग झाल्यावर पेटीत मेण मारा, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

मिडलँड्सकर
मनापासून आभार दादा. ४० वर्षांच्या वरची असल्याने एमओटीची (इथल्या वार्षिक तपासणीची) सूट आहे. तर पत्रे येईपर्यंत थोडीफार चालवू का?

पत्रेकाम
नको. सूट फक्त तपासणीची आहे, गाडी धडधाकट ठेवायची जबाबदारी तुमचीच. पत्रे ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीचे मिळाले तर तेच घ्या, मूळ साच्यांवरचे असतात, बसवायला त्रास कमी. आणि कापायच्या आधी फटीचे फोटो इथे टाका, पाइप कुठे लावायचा ते बघून सांगतो.