होंडा सिटी सिग्नलला का थरथरते? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

सायली (बी ४०३): गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. बाबांची २००६ ची होंडा सिटी आहे, आय-डीएसआय इंजिनवाली. सिग्नलला थांबली की आरपीएमचा काटा ६०० ते १००० झुलतो आणि सीट थरथरते. रस्त्याला लागली की काही नाही. गॅरेजवाला म्हणतो अख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) बदला.

देशपांडे काका (ए १०२): विकून टाक. १८ वर्षांच्या वर झाली की.

सायली: काका, बाबांना तुम्हीच सांगा 😄

पराग (सी ७०१): पेट्रोलमध्ये २०% इथेनॉल आलंय, जुन्या गाड्यांची वाट लागणारच.

जाधव दादा (डी २०४): परागशेठ, जुने रबरी पाइप त्याने लवकर जाऊ शकतात, मान्य. पण म्हणून आधी पेट्रोलला फाशी नको. सायली, हे गार असताना होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर?

सायली: सकाळी सुरुवातीला ठीक असते. गरम झाली की चालू. एसी लावला की एखाद्या वेळी बंदच पडते.

जाधव दादा: गार इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त रेस देतो, त्यात दोष झाकला जातो. काटा स्थिर राहून नुसती गाडी हलली असती तर मी इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारी रबरं) म्हणालो असतो. तुझा काटाच झुलतोय. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय, नाहीतर स्लोची (गाडी उभी असतानाच्या मंद रेसची) हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह कार्बनने अडकलाय.
बॉनेट उघडून कान दे. फुस्स असा आवाज आला तर पाइप चिरलाय. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा डबा) आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) पाइप क्लिपजवळ वाकवून बघ, चीर बहुतेक तिथेच असते, वरून दिसत नाही. उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरल्यावर स्लो एकदम बदलला तर बूस्टरवर संशय.

देशपांडे काका: आम्ही स्क्रू फिरवून स्लो वाढवायचो. दोन मिनिटांचं काम.

जाधव दादा: काका, ते कार्बोरेटरला. इथे स्क्रू फिरवला तर दुखणं तसंच राहतं, फक्त ऐकू येत नाही. वर पेट्रोल जास्त जातं.

पराग: माझ्याकडे ब्लूटूथवाला स्कॅनर आहे, लावून बघू?

जाधव दादा: बघा, पण भरवसा नको. आपल्याकडे ओबीडीची (गाडीतले दोष स्कॅनरला सांगणारी यंत्रणा) सक्ती २०१० पासून. त्याआधीच्या गाडीला तो बोलेलच असं नाही.

सायली: दादा, पीसीव्हीच्या पाइपला खालून चीर निघाली!! तो बदलला आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, आत काजळी केवढी होती. काटा आता ८०० च्या आसपास थांबतो. पण बारीक झटके अजून आहेत.

जाधव दादा: छान, नवी थ्रॉटल बॉडी वाचली. झटके म्हणजे मिसिंग, एखाद्या सिलिंडरात पेट्रोल मधूनच नीट पेटत नाही. प्लग कधी बदलले?

सायली: दिवाळीत. बिलावर ४ प्लग आहेत.

जाधव दादा: अरे देवा. या इंजिनला ८ प्लग असतात! सिलिंडर चार, पण प्रत्येकाला दोन. पुढचे चार हाताशी असतात, मागचे चार काचेच्या बाजूला खोल, तिथे हात घालायचा कंटाळा. एक प्लग किंवा एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेली तरी जोडीचा दुसरा प्लग तो सिलिंडर ओढून नेतो, म्हणून गाडी पळते आणि कोणाला कळत नाही. स्लोवर मात्र अडखळते. मागचे चार काढायला सांग आणि तू स्वतः उभी राहा.

पाटील मॅडम (सचिव): चर्चा छान आहे, पण पार्किंगमध्ये गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारू नये, पेट घेतो. आणि उद्या टँकर १० वाजता येणार आहे.

सायली: मागचे चारही प्लग जुनेच होते, टोकं झिजून गोल झालीत. एका कॉइलला तडा. गॅरेजवाला म्हणतो "मॅडम, ते राहिलंच." 🙄

देशपांडे काका: राहिलं म्हणे! पैसे घ्यायचे नाही राहिले?

जाधव दादा: तेवढी कॉइल आणि चार प्लग टाक. त्यानंतरही थरथर उरलीच तर टॅपेटचा गॅप (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची बारीक फट) तपासायला सांग, या गाडीत तो हाताने सेट करावा लागतो. इंजिन पूर्ण गार असताना करायचं काम आहे, तेव्हा गाडी आदल्या रात्रीच सोडून ये.