बोलायचं कोणी, बार्डने की मी?

नौपाड्याची_बार्ड
रविवारी घोडबंदर रोडला मित्राच्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ) होतं, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. माझं पात्र बार्ड, म्हणजे भाट. तिचा कॅरिस्मा (बोलण्या-वागण्याची छाप) १८, पर्सुएशन (पटवण्याचं कौशल्य) +७, म्हणजे फाशावर पडेल त्यात ७ मिळवायचे. वेशीवरच्या पहारेकऱ्याला गळ घालायची होती. मी म्हटलं, "आमच्यातला एक तापाने फणफणलाय, वैद्याकडे न्यायचंय, हत्यारं इथेच ठेवतो, असं त्याला सांगते." डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, "असं नाही, बोलून दाखव." आमच्याकडे कॅरेक्टरने तोंड उघडलं की इंग्रजी सुरू. मी मराठी माध्यमाची, तिसऱ्या वाक्याला अडखळले. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, लागला २०. वीस बाजूंच्या फाशावर ११, एकूण १८, हुकलं. मग बार्बेरियनवाल्याने (त्याचं पात्र रांगडा लढवय्या) फर्ड्या इंग्रजीत भाषण ठोकलं आणि रोल न करताच, म्हणजे फासा न टाकताच, दार उघडलं. त्याचा कॅरिस्मा ८!

पडद्यामागचा_डीएम
मी डीएमच्या बाजूने. "पटवते, रोल करते" एवढंच करायचं तर ल्युडो काय वाईट? समोरचा जीव ओतून बोलला तर त्याला काही मिळायला नको?

नौपाड्याची_बार्ड
बार्बेरियनला भिंत चढायची असते तेव्हा त्याला खिडकीचं ग्रिल चढून दाखव म्हणता का?

वाशी_खाडीपूल
ही तुलना नेहमीची, आणि लंगडी. लढाईतही कुठे उभं राहायचं, कोणावर वार करायचा हे तूच ठरवतेस, फासा फक्त लागला की नाही ते सांगतो. तसं काय बोलायचं हे खेळाडूनेच ठरवायचं. पण तू ते ठरवलं होतंस की! ताप, वैद्य, हत्यारं. हे सगळं आवाजात घोळवणं बार्डचं काम, म्हणून तर ते +७.
२०१४ च्या डीएम गाइडमध्ये समोरचा तटस्थ असेल तर १० ला तो बिनजोखमीचं काम करतो, २० ला थोडी जोखीम पत्करतो. हत्यारं ठेवल्यावर पहारेकऱ्याला जोखीम कसली उरली? माझ्याकडे डीसी १२ च्या वर गेला नसता.

पडद्यामागचा_डीएम
तक्त्यांचं कौतुक सांगू नका. डी अँड डीच्या जुन्या ३.५ आवृत्तीत डिप्लोमसीचा (मन वळवण्याचा) तक्ता होता, जिवावर उठलेल्याला मदतनीस करायला ५०. लोकांनी बोनस फुगवले आणि समोर कोण आहे, त्याला काय हवंय, याला अर्थच राहिला नाही. ते नकोय मला.

तो_बार्बेरियन
मीच तो. मला रोल मागितलाच नाही, मी काय हात जोडून मागायचा होता?

वाशी_खाडीपूल
@तो_बार्बेरियन पात्र घडवताना कॅरिस्मा ८ ठेवून वाचलेले पॉइंट ताकदीत घातलेस, वर गोड बोलण्याचाही फायदा. दोन्ही डगरींवर हात! भाषण आवडलं तर ॲडव्हान्टेज द्यावा, दोन फासे टाक, मोठा घे. पण टाक.

कळव्याचा_रोग
आमच्याकडे एकाने २० पाडून राजाकडे गादी मागितली. २० पडला की हमखास लागतो तो वार. गादी नाही. तासभर वाद, वडापाव थंड.

पडद्यामागचा_डीएम
ॲडव्हान्टेजपर्यंत येतो. पण "मी पटवते" एवढ्यावर माझ्या टेबलावर फासा हलणार नाही.

नौपाड्याची_बार्ड
तेवढ्यावर मीही मागत नाहीये. आमच्या डीएमला फोन केला, मराठीत बोलले तर चालेल का विचारलं. आता पहारेकरी आगरीत खेकसणार आहे म्हणे. डीसी १५ वर आणलाय, १२ साठी घासाघीस चालू.