मदत हवी आहे : इतिवृत्तातील ‘टेबल्ड’चा मराठी अनुवाद

महापे येथील एका कंपनीच्या संयुक्त समितीच्या इंग्रजी इतिवृत्तांचा मी कामगार प्रतिनिधींसाठी मराठी अनुवाद करतो. समितीत लंडन आणि शिकागो या दोन्ही ठिकाणचे सदस्य आहेत. ताज्या इतिवृत्तात पाळीभत्त्याच्या प्रस्तावापुढे ‘टेबल्ड’ एवढाच शेरा असून, पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत त्या प्रस्तावाचा उल्लेख नाही.

ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, म्हणजेच पटलावर ठेवणे. अमेरिकेत मात्र याच्या नेमके उलट, चर्चा बाजूला ठेवणे. (दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत याच शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचे चर्चिल यांनी नोंदवले आहे, तेव्हा गोंधळ जुनाच आहे.) शब्दकोश पाहिले, ते दोन्ही अर्थ देतात, निवाडा करत नाहीत. इतिवृत्त लिहिणारे सचिव रजेवर आहेत, अनुवाद सोमवारी द्यायचा आहे आणि तळटीप देण्याची मुभा नाही. मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवला, तर वाचणारे त्याचा भारतीय अर्थच घेतील, असे मला वाटते.

अमेरिकी अर्थासाठी ‘तहकूब’ मला पुरता पटत नाही, कारण तो शब्द बहुधा सभेला लावतात. ‘फेटाळला’ तर सरळ चूक ठरेल. संसदीय किंवा कंपनी कामकाजाचा अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगावे : अशा शेऱ्याचा अर्थ ठरवताना इतिवृत्तातील इतर कोणत्या खुणा ग्राह्य धराव्यात, आणि ‘पुन्हा केव्हा घ्यायचा हे न ठरवता बाजूला ठेवला’ यासाठी रूढ मराठी संज्ञा कोणती?