ब्रिटनमधला ‘सेटल्ड स्टेटस’: अर्ज सोपा होता म्हणणाऱ्यांसाठी

स्विंडनकर:
कालच्या चर्चेत ‘हिशेबी’ यांनी लिहिले की, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना तिथल्या युरोपीय नागरिकांनी ‘सेटल्ड स्टेटस’साठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या हक्कासाठी करायचा हा अर्ज फुकट होता, मोबाईलवर दहा मिनिटांत होत होता, तेव्हा ज्यांना कायम वास्तव्य मिळाले नाही त्यांनी रडगाणे बंद करावे. पोर्तुगीज पासपोर्टवर २०१६ मध्ये मडगावहून इंग्लंडातल्या स्विंडनला आलेला माणूस म्हणून मला हे निमूट वाचून सोडता आले नाही.

अर्ज दहा मिनिटांचा असेल, पुरावा पाच वर्षांच्या सलग वास्तव्याचा होता. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरदाराचा सरकारी क्रमांक) टाकला की कराच्या नोंदी आपोआप तपासल्या जातात हे खरे. पण मी एजन्सीमार्फत गोदामात रात्रपाळी करत होतो, मध्ये काही महिने कामच नव्हते, आणि घर चौघांत असल्यामुळे काउन्सिल टॅक्सपासून (घरपट्टीपासून) विजेपर्यंतची सगळी बिले ज्याच्या नावावर भाडेकरार होता त्याच्याच नावे येत. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये आई न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले. मी गोव्याला गेलो, मार्चमध्ये विमाने बंद झाली, आणि परतलो तो नोव्हेंबरात. सहा महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली म्हणून हाती पडला तो ‘प्री-सेटल्ड’, म्हणजे कायम नसलेला, तात्पुरता दर्जा, आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

हिशेबी:
‘रडगाणे’ हा शब्द मी मागे घेणार नाही. महत्त्वाच्या कारणासाठी एक गैरहजेरी बारा महिन्यांपर्यंत चालते, हे नियमात होते. रुग्णालयाचे कागद जोडले होते का? योजना मार्च २०१९ पासून सर्वांना खुली होती, मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती, आणि ६५ पौंडांचे शुल्कही रद्द झाले होते. माझ्या जर्मन पत्नीने त्याआधीचा, ८५ पानांचा पर्मनंट रेसिडेन्सचा फॉर्म भरला आहे. विद्यार्थीदशेत तिच्याकडे खासगी आरोग्य विमा नव्हता, एवढ्यावरून तिची तीन वर्षे मोजणीतून गेली. आणि पुढे मिळालेला तो कागदही ३० जून २०२१ नंतर निरुपयोगी ठरला. तेव्हा कष्टांच्या गोष्टी आम्हालाही सांगता येतात.

स्विंडनकर:
तिकीट जोडले होते, रुग्णालयाचे कागद नव्हते. अर्ज भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या सल्लागाराने “जास्त कागद दिले की जास्त प्रश्न येतात” असे सांगितले आणि मी ऐकले. ही चूक माझी, हे घ्या लिहून.

म्हापसेकर:
मूळ प्रश्न निराळाच आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या वडिलांचा किंवा आजोबांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा, त्यावर पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचे, भारताचे घालवायचे, आणि मग स्विंडनच्या गोदामात उभे राहून अन्याय झाला म्हणायचे! दोन दगडांवर पाय ठेवल्यावर दगडांना दोष कशाला?

बार्देशची लेक:
म्हापसेकर, भाषा जपून वापरावी. एका दगडावरचा पाय आम्ही काढलाच आहे: माझा मतदानाचा हक्क गेला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळते ते) असूनही मला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि वडिलांच्या भाताच्या खाचरावर वारस म्हणून नाव लावताना तलाठ्यासमोर चार वेळा उभे राहावे लागले. गावात पगार असता तर लिस्बनची पायरी कोण चढला असता?

म्हापसेकर:
पगार आम्हालाही नव्हता, ताई. आम्ही राहिलो.

बार्देशची लेक:
राहिलात, आणि घराच्या डागडुजीला पैसे कोणाकडून आले तेही एकदा लिहा.

हिशेबी:
नागरिकत्वाचा वाद आपण दोघे गावच्या तिठ्यावर मिटवा. स्विंडनकर, जुलै २०२५ पासून नियम बदलला आहे, हे आपण वाचलेले दिसत नाही. प्री-सेटल्ड माणसाने मागच्या साठ महिन्यांपैकी एकूण तीस महिने ब्रिटनमध्ये काढले असले तरी पुरते. आपली गैरहजेरी २०२० मधली आहे. ती आता या साठ महिन्यांत येतच नाही.

चष्मेवाला:
शिवाय, कायम दर्जासाठी दुसरा अर्ज केला नाही म्हणून प्री-सेटल्ड माणसाचा हक्क आपोआप संपवता येणार नाही, असे इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितले. माझी तक्रार एवढीच की या दर्जाचे हातात कार्ड मिळत नाही. सगळे संगणकावर, आणि पासपोर्ट बदलला की खात्यातला क्रमांकही आपणच बदलायचा. मी विसरलो, आणि मुंबईच्या विमानतळावर तासभर बाजूला उभा राहिलो.

स्विंडनकर:
नियम बदलल्याचे मला ठाऊक नव्हते. हिशेबी साहेबांचा शब्द कडू, पण माहिती कामाची, एवढे मान्य करायला हरकत नाही. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटे घेऊन आत्ताच मोजले. साठपैकी सत्तावन्न महिने निघाले. या खेपेस भाडेकरार माझ्या नावावर आहे, आणि सल्लागाराकडे जाणार नाही.

हिशेबी:
अर्ज दहा मिनिटांत होईल. वेळ लावून पाहा.